काल उघडलेल्या कळ्या

मिरचीच्या कळीला वर्षश्राद्ध कळत नाही आणि कडूबाला मिरची कळत नाही. या दोघांच्या मध्ये सापडली होती शिवकन्या. सकाळचे सहा वाजले होते आणि ती मिरचीवरच्या जाळीच्या, म्हणजे शेडनेटच्या, दाराशी कमरेवर हात ठेवून एकेकाचा उद्धार करत उभी होती.

"बारा बाया! बाराच्या बारा बायांना परस्पर सुट्टी देऊन टाकली. अन् मला पत्ता न्हाई!"

ऐकायला जवळ कोणी नव्हतं, तरी ती बोलत होती. सगळ्या पिंपळगाव रेणुकाईला ठाऊक होतं, की मल्हारीची लेक गप्प बसली तर आजारी आहे असं समजायचं.

बियाण्याची मिरची म्हणजे बाजारात तोलून द्यायची मिरची नव्हे. हिचं लग्न माणसाला लावून द्यावं लागतं. संध्याकाळी चारनंतर मादीच्या ओळीत उद्या फुलणारी कळी हेरायची, चिमट्यानं हळूच उघडायची, आतले नराचे तुरे काढून टाकायचे आणि देठाला खुणेचा धागा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांच्या फुलांची भुकटी बोटावर घ्यायची आणि त्या कळीच्या मधल्या काडीला लावायची. हे अकराच्या आत. पुढं ऊन चढलं, की काडीचं टोक वाळतं आणि चार दिवसांत कळी देठासकट खाली पडते. मग तिच्यापुढं कितीही हात जोडा.

काल संध्याकाळी बारा बायांनी अकरा ओळींतल्या कळ्या उघडून, लोकरीचे धागे बांधून ठेवले होते. गावातले बाकीचे लोक सुती दोरा बांधतात. लोकर ही मल्हारीची रीत. अर्धं आयुष्य मेंढरांमागं हिंडलेला माणूस. म्हणायचा, दोरा कोवळ्या देठाला कापतो, लोकर कापत नाही. तर असे धागे बांधून बाया घराकडं निघाल्या, तेव्हा बांधावर बसलेल्या कडूबानं, म्हणजे मल्हारीच्या थोरल्या भावानं, त्यांना सांगून टाकलं, "उद्या कामाला येऊ नका. जेवायला या." शिवकन्याला हे रात्री एका बाईचा फोन आला तेव्हा कळलं.

आता यात तिची स्वतःची चूक नव्हती असं नाही. होती, आणि ती तिला मान्य होती. आबा, म्हणजे तिचा बाप मल्हारी, गेले त्याची तिनं तारीख धरली, तिथी नाही. रोपं लावताना बोटांवर दिवस मोजले आणि ठरवलं, त्या तारखेला फुलं नुकती कुठं लागायला लागतील, एक दिवस हात थांबला तरी चालेल. पण औंदा अधिक महिना आला. तिथी पंधरा-वीस दिवस पुढं सरकली आणि नेमकी ऐन फुलोऱ्यात येऊन बसली. ज्या घरात संकष्टीचा चंद्र किती वाजता उगवतो हे बारक्या पोरालाही पाठ, त्या घरात ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. शिवकन्यानं आत्ता कपाळावर हात मारून घेतला, पण कपाळावर मारून कळ्या थांबत नाहीत.

एका दिवसाच्या कळ्या गेल्या तर आभाळ कोसळत नसतं. पण आजच्या कळ्यांवर दुसरंच काही अडकलं होतं. तिच्या धाकट्या भावानं, शिवशंकरनं, आज बारा वाजता गावातल्या भागवतला बोलावलं होतं. कीर्तन उरकलं, की सगळ्या भावकीसमोर हा शेडनेटचा प्लॉट भागवतच्या हवाली करायचा, असं त्याचं ठरलं होतं. ताईला झेपत नाही, हे त्याचं म्हणणं. आज भावकीनं अकरा ओळी कळ्या वाळताना पाहिल्या, की त्या म्हणण्याला आणखी पुरावा लागणार नव्हता. आबांनी पंचवीस वर्षं जपलेली जागा दुपारच्या पंगतीआधी हातची जाणार होती.

"जाऊन बघते ना," असं म्हणून तिनं पदर खोचला आणि ती मांडवाकडं निघाली.

*

शिवशंकर काही वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं नीटनेटकं लागायचं. जालन्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि मांडवसुद्धा त्यानं तसाच उभा केला होता. खुर्च्या ओळीत, पाण्याचे जार सावलीत, आबांचा फोटो पूर्वेकडं तोंड करून. भोंगा लावून झाला होता. आचारी बुंदी पाडत होता.

प्लॉटचा विचारही त्यानं असाच केला होता. ताईचं सासर राजूरला. तिची दोन लेकरं तिथं, सासू म्हातारी. तरी दरवर्षी फुलोरा आला, की दोन महिने ती माहेरी तळ ठोकते. दाजी चांगले म्हणून चालतं. पण राजूरला देवळापाशी कोणी भेटलं, की विचारतं, 'काय शंकरराव, भाऊ असून बहीण राबते काय?' त्याला ते जिव्हारी लागायचं. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती, जी त्यानं बायकोलाही कधी सांगितली नव्हती. आबांनी त्याला कधी प्लॉटमध्ये बोलावलं नाही. ताईचा हात धरून शिकवलं. त्याला नुसतं म्हणाले, 'तू अभ्यास कर.'

"शंकर, बाया बोलाव. आठाच्या आत," शिवकन्या मांडवात शिरता शिरता म्हणाली.

"ताई, आज आबाचं वर्षश्राद्ध हाय."

"मला माहीत हाय ना बाबा. माहा बी बाप व्हता."

"मंग?"

"मंग काय मंग? काल कळ्या उघडल्यात. आज भुकटी न्हाई लागली तर सगळ्या खाली. दोन-अडीच घंट्याचं काम हाय. बाया तशाबी जेवायला येऊनच राह्यल्या."

खाटेवर कडूबा बसला होता. पंच्याहत्तरी उलटली तरी कणा ताठ, डोक्याला लाल पागोटं, शेजारी मल्हारीची काठी. मोठा भाऊ मागं राहिला तर गेलेल्याची काठी, घोंगडी अन् चिमटा त्याच्याकडं जातो, अशी त्यांच्यातली रीत. वर्षभर कडूबा ती काठी घेऊनच हिंडत होता. त्यानं ती जमिनीवर आपटली.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई. औत न्हाई, इळा न्हाई, कुऱ्हाड न्हाई. घरचा मोठा माणूस गेला, तर त्याच्या वर्षाला हात थांबवतेत. माह्या बापाच्या वर्षाला थांबवले. त्याच्या बापाच्या बी थांबवले. मल्हारी काय रस्त्यावर पडलेला हाय का?"

"बघा की," द्वारकाबाईनं लगेच री ओढली. ही मल्हारीची धाकटी बहीण, शिवकन्याची आत्या. काल जाफराबादकडून जीपनं आली होती आणि आल्यापासून तिचं तोंड एक तर पानानं भरलेलं होतं, नाहीतर बोलण्यानं. "लेकीला बापाचं पडलं न्हाई, मिरचीचं पडलंय. काय दिस आलेत, बया!"

"आत्या, तू पान खा."

"खातेय की. तुह्या बापाचंच खातेय."

शिवशंकर मध्ये पडला. "ताई, हेच मी म्हणून राह्यलो व्हतो. तुला एकटीला हे बिलकुल झेपायचं न्हाई. भागवत माणूस चांगला हाय. त्याच्याकडं घरचे सहा हात हायेत. तू राजूरला सुखानं राह्य."

"मला झेपत न्हाई?" शिवकन्याचा आवाज चढला. "काल दिवेलागणीपर्यंत सगळं बराबर चाललं व्हतं. बाया मी न्हाई घरी बसवल्या, तुम्ही बसवल्या. माही चूक एकच, मी तारीख धरली, तिथी धरली न्हाई. ती कबूल. चारचौघांत कबूल. आता त्या चुकीपायी आबाच्या कळ्या मारायच्या का?"

तिची माय, आशाबाई, चुलवणाशेजारी वांगी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. पण तिचा विळीवरचा हात थांबला, हे शिवशंकरनं पाहिलं.

"मोठे बाबा," शिवकन्या कडूबासमोर उकिडवी बसली. आता ती ओरडत नव्हती, आणि हे जास्त वाईट होतं. "आज्ज्याच्या वर्षाला सगळ्यांचे हात थांबले व्हते ना?"

"व्हय."

"मंग त्या दिशी मेंढरं कुणी चारली?"

कडूबानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दिसभर उपाशी व्हती का? दीडशे मेंढरं?"

उत्तर आलं ते द्वारकाबाईकडून, आणि तेही इतक्या जोरात, की पान सांडता सांडता राहिलं. "अगं बया! मल्हारी पहाटंच मेंढरं घेऊन गेल्ता की! इकडं पानं वाढून ठेवलेली, पाव्हणे बसलेले, अन् ह्याचा पत्ताच न्हाई! मंग माय म्हणली, कडूबा, जाय, त्याला हुडकून आण. तर ह्यो कडूबा गेला तो गेलाच. दिस कलल्यावर दोघं बी मेंढरासंगं हालत डुलत परत!"

मांडवात आलेली चार-दोन माणसं हसली. आचाऱ्यानं झारा थांबवला.

"ते जित्राब हाय," कडूबा तडकला. "मुकं जित्राब. त्याला सुतक-श्राद्ध काय कळतंय?"

"अन् कळीला कळतंय का?"

कडूबा तिच्याकडं बघत राहिला. या पोरीचं कपाळ, भुवया, हट्टानं पुढं काढलेली हनुवटी, सगळं मल्हारीचं होतं. लहानपणी मल्हारीशी भांडताना त्यानं हेच तोंड पाहिलेलं होतं आणि तेव्हाही शेवटी त्यालाच मुकाट्यानं चालावं लागलं होतं.

"हत्यार न्हाई," तो पुटपुटला. "हत्यार बिलकुल न्हाई."

"हत्यार लागतंय कुठं? चिमट्याचं काम कालच झालं. आज नुसतं बोट." तिनं उजव्या हाताचं बोट त्याच्यासमोर धरलं. "हे हत्यार हाय का?"

"मी व्हय म्हणत न्हाई."

"मंग न्हाई म्हणा."

"न्हाई बी म्हणत न्हाई. मी माह्या भावाच्या फोटोपाशी बसून राह्यलोय. मला तरास देऊ नका." असं म्हणून कडूबानं खाट फोटोकडं वळवून घेतली आणि सगळ्यांकडं पाठ केली.

*

दैवशाला, शिवशंकरची बायको, हे सगळं खांबाला टेकून ऐकत होती. अंगावर जालन्याहून मुद्दाम आणलेलं मोरपंखी लुगडं, हातात पाकळ्यांचं ताट. तिला लोक जालन्याची समजत, पण तिचं माहेर जाफराबाद तालुक्यातलं. बाराव्या वर्षापासून लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती लोकांच्या शेडनेटमध्ये कळ्या उघडत होती. तिच्या अंगठ्याच्या बाजूला चिमट्यानं पडलेला घट्टा अजून होता. कॉलनीत कोणी विचारलं, तर शिवशंकर म्हणायचा, 'विहिरीचा दोर ओढून झालाय.' ती काही बोलायची नाही. पण मल्हारीनं मुलगी बघायला आल्यावर पहिल्यांदा तिचा चेहरा नव्हता पाहिला. तिचा हात पाहिला होता. घट्ट्यावर बोट फिरवून म्हणाला होता, 'दिसाला किती करती गं?' तिनं लाजून आकडा सांगितला होता, अन् म्हातारा खूश होऊन सोयऱ्यांकडं वळला होता, 'मला पोरगी पसंत हाय. आता ह्या शंकरला इचारा.'

तिला अचानक सासऱ्याची फार आठवण आली. अशी, की डोळ्यात पाणीच आलं.

तिनं पाकळ्यांचं ताट नवऱ्याच्या हातात दिलं. लुगड्याचा काष्टा मारला.

"कुठं चालली?" शिवशंकर म्हणाला.

"ताई, नराची भुकटी कुठं ठेवली?" तिनं नवऱ्याला उत्तर दिलंच नाही.

"डबीत. माठाशेजारी," शिवकन्या म्हणाली. बारा वर्षांत भावजयीशी तिचं जे बोलणं झालं ते चहा-साखरेचं. "वहिनी, तुमचं लुगडं..."

"लुगडं धुता येतंय."

मग आशाबाई उठली. वांग्याचं ताट आचाऱ्याकडं सरकवलं, हात धुतले, कपाळावरचा पदर नीट केला आणि पोराच्या समोर येऊन उभी राहिली.

"शंकर, त्या भोंग्याचं तोंड प्लॉटकडं कर."

"माय, पण लोक..."

"लोक आत येतेत. कीर्तन आत ऐकू येतं. एवढी अक्कल वापर अन् महाराजाला च्या दे." मग तिनं आवाज उतरवला. "माह्या नवऱ्याचा दिवस हाय. तो कुठं असता आज, हे मी सांगणार. तुम्ही न्हाई."

तासाभरात बाया आल्या. बाराच्या बारा, ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत फुलं माळून. जेवायला आलेल्या पाहुण्यांतल्याही पाच-सहा जणी शिरल्या. सगळ्यांत शेवटी द्वारकाबाई. "मला दिसत न्हाई काही, पण मी वळ धरून बसते अन् तोंड चालवते," असं म्हणून ती खरंच बसली.

महाराज आले, तर समोर खुर्च्या मोकळ्या. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. "मंडळी कुठाय?"

"महाराज, हात कामात हायेत. कान इकडं हायेत," शिवशंकर खालमानेनं म्हणाला.

महाराजांनी जाळीआडची रंगीबेरंगी लुगडी पाहिली. हसले. "चालतंय. देवाला कानच लागतेत," असं म्हणून त्यांनी टाळ उचलले.

*

जाळीच्या आत उजेड मऊ असतो. टाळांचा आवाज बाहेरून येत होता आणि बाया एकेका कळीपुढं वाकत पुढं सरकत होत्या. दैवशालाचा हात सगळ्यांच्या पुढं. मधूनच कोणीतरी म्हणायची, "अगं बाई, जालन्याच्या मॅडमला बघा!" आणि दैवशाला मान खाली घालून हसायची. असं हसताना तिला या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

शिवकन्या बोलत होती. काम सुरू झालं, की आबांबद्दल बोलायचं, हे तिचं वर्षभर चाललेलं.

"मेंढरं इकून ही जाळी उभी केली ना, तव्हा आबा पंचेचाळीस वर्षांचे व्हते. बायांच्या वळीत एकटा गडी. बाया फिदीफिदी हसायच्या. ही चांगुणाबाई तर म्हणली, मल्हारीभाऊ, बांगड्या भरता का?"

"म्हणले व्हते," चांगुणाबाई पलीकडच्या ओळीतून म्हणाली. "अन् तुहा बाप काय म्हणला सांग की."

"म्हणले, भर, पण आधी कळी उघडायला शिकव! बोटं ही अशी जाड. पहिल्या दिशी एक कळी धड ठेवली न्हाई. बाजारातला चिमटा बोटात मावंना. मंग घरी गेले अन् मेंढराच्या खुरातला काटा काढायचा चिमटा घेऊन आले. लांब, पितळी. त्याच्यानं जमलं. आठ दिसात चांगुणाबाईच्या मागं, पंधरा दिसात पुढं."

"पुढं न्हाई. बराबरीला," चांगुणाबाई म्हणाली.

"बरं, बराबरीला. अन् मी दहावीला नापास झाले, रडून राह्यले व्हते. गावभर पेढे वाटून राह्यले लोक. आबा म्हणले, चल. इथं आणून बसवलं. म्हणले, गणित नापास झालं ना? ह्या वळीत किती कळ्या उद्या फुलतील, सांग. मी सांगितलं. दुसऱ्या दिशी मोजल्या, तर दोनच चुकल्या. तर ते सगळ्या बायांला सांगत सुटले, माही पोरगी पास झाली! मला असा बाप मिळाला. कुणाला मिळतो?" ती पुढच्या कळीकडं सरकली. हात थांबला नाही.

जाळीचं दार वाजलं. शिवशंकर चपला बाहेर काढून आत आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, असा चेहरा.

"कोणती वळ करू?"

"येतंय का तुला?"

"न्हाई."

"मंग माह्याजवळ ये."

त्यानं भुकटीत बोट बुडवलं आणि पहिल्याच कळीची काडी मोडली. दुसरीचीही.

"दाबू नको. नुसतं टेकव. आबा म्हणायचे, निजलेल्या लेकराच्या डोळ्यावरची माशी हाकलतो तसं."

तिसरी जमली. दोघं शेजारी शेजारी वाकून सरकत राहिले. बाहेर टाळ थांबले होते, महाराज कसलासा दृष्टांत सांगत होते.

"आबांनी मला कधी बोलावलं न्हाई इथं," शिवशंकर कळीकडं बघत म्हणाला. "तुला बोलावलं. मला कधीच न्हाई."

शिवकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. चाळिशीला आलेला हा माणूस, मनात अजून दाराबाहेर उभा. "येडा हाय का तू? ते काय म्हणायचे माहीत हाय? म्हणायचे, शंकर माह्यासारखा हाय, चिवट. एकदा इथं बसला तर उठायचा न्हाई. त्याला आधी जग बघू दे. शिवकन्या बसंल बी अन् उठंल बी."

"असं म्हणले?"

"रेणुकामायची आण." तिनं पुढच्या कळीला बोट टेकवलं. "दवाखान्यात शेवटच्या चार दिसांत ते बोटं हालवायचे, ध्यानात हाय?"

"हाय की. सलाईनची सुई निघंल म्हणून मी हात दाबून धरायचो. डॉक्टर म्हणले व्हते, त्यांला तरास होऊन राह्यलाय."

"तरास न्हाई, शंकर. ते कळ्या करत व्हते. अंगठा अन् हे बोट. उघडायची, तुरा काढायचा, धागा बांधायचा. परत पुढची. मी बराबर बघितलं. तीनच हालचाली, एक बी जास्त न्हाई."

शिवशंकरचा हात हवेत तसाच राहिला. त्या हातानं त्यानं चार दिवस म्हाताऱ्याचं मनगट गादीला दाबून धरलं होतं.

"कामून सांगितलं न्हाई मला?" तो म्हणाला. "अगं, मी दाबून धरलं ना त्यांला. मी..."

"अरे, तू हा हात धरला, की ते दुसऱ्या हातानं सुरू करायचे! तुला दिसायचं न्हाई, चादरीखाली. मला असं हसू यायचं. म्हणलं, बाप गडी काही ऐकत न्हाई."

तो रडत होता, आणि मग रडता रडता हसायला लागला. लहानपणी मार खाल्ल्यावर चोरून गूळ मिळाला, की तो असाच करायचा. शिवकन्यानं पदरानं त्याचं नाक पुसलं. "भुकटीत पडंल, येड्या," ती म्हणाली. "पुसून घे अन् वळ उरक. साडेदहा झाले."

पावणेअकराला दैवशालानं शेवटच्या ओळीच्या टोकाशी कंबर सरळ केली.

*

बाराला फोटोवर फुलं पडली. बाया जाळीतून बाहेर आल्या त्या तशाच मांडवात उभ्या राहिल्या, हातांना मिरचीच्या पाल्याचा वास. आशाबाई पाया पडली तेव्हा फोटोकडं बघून एवढंच म्हणाली, "झालं सगळं." कोणाकोणाला वाटलं, श्राद्धाबद्दल बोलली.

पंगत बसली तसा भागवत आला. टोपी काढली, फोटोला हात जोडले, आणि शिवशंकरच्या पानापाशी टेकून म्हणाला, "शंकरराव, तुम्ही बोलावल्तं. प्लॉटचं कसं करायचं मंग? सगळे बसलेतच, बोलून घेऊ."

सगळे बसलेच होते. कडूबानं खाट पुन्हा वळवली. द्वारकाबाईनं घास हातात धरून ठेवला. शिवकन्या वाढायला उभी होती, तिच्या हातात बुंदीचं भगुणं.

"भागवतभाऊ," शिवशंकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्हाला हकनाक येरझार पडली, माफ करा. जेवल्याशिवाय मात्र जाऊ नका. प्लॉटचं माह्याकडं काही न्हाई. तिथं मी आज सकाळी कामाला लागलो, अन् पहिल्याच घंट्यात दोन कळ्या मोडल्या. मालकीण ही उभी. तिला इचारा ती कुणाला ठेवते अन् कुणाला काढते."

"तुला काढलं," शिवकन्या म्हणाली आणि त्याच्या पानात बुंदी इतकी वाढली, की वरणात गेली. दैवशाला तोंडाला पदर लावून हसत होती. भागवतही हसला आणि पंगतीला बसला. त्याच्या घरी तसंही मकेचं काम पडलेलं होतं.

चारच्या सुमाराला पाहुणे पांगले. द्वारकाबाई जीपमध्ये बसली. शिवकन्या शेडनेटच्या दाराशी आली, तर तिथं कडूबा उभा. मल्हारीच्या काठीवर भार देऊन जाळीतून आत बघत होता.

"सगळ्या लागल्या का?"

"दोन सोडून."

"हं." त्यानं कमरेची चंची सोडली. सुपारी, चुना, कात, आणि त्याच्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते तिच्यासमोर धरलं. लांब पितळी चिमटा. टोकाशी झिजून पातळ झालेला. वर्षभर तिनं तो मागितला नव्हता आणि त्यानं दिला नव्हता. रीत म्हणजे रीत.

"मला काय करायचाय. माह्या मेंढरांचे काटे आता नातू काढतो," तो म्हणाला. "घे. पण आज वापरू नको. आज मल्हारीचा दिवस हाय. उद्यापासून."

शिवकन्यानं चिमटा कपाळाला लावला. मग डोळे पुसून तिनं खरं होतं ते सांगितलं. "मोठे बाबा, उद्याच्या कळ्या आजच उघडाव्या लागतेत. आत्ताच. चार वाजले."

कडूबानं जाळीकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, मांडवातल्या फोटोकडं पाहिलं.

"मंग मला इचारत कामून बसली, पोरी?" तो खेकसला. "जाय की आत. दिस बुडंल."